टीम प्रोजेक्टसाठी ओपन सोर्स : मोठा प्रकल्प घ्यावा की छोटा?

कॉलेजच्या टीम प्रोजेक्टसाठी ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात काम करायचं, तर मोठा निवडावा की छोटा? मी दोन्ही करून पाहिलं आहे. तिसऱ्या वर्षी आमची पाच जणांची टीम शेकडो लोक राबत असलेल्या एका नावाजलेल्या प्रकल्पात शिरली. शेवटच्या वर्षी त्यातल्याच चौघांनी जेमतेम दोन मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारी माणसं) असलेली एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांत वापरायच्या तयार कोडचा संच, निवडली. ओपन सोर्समध्ये नवख्यांना काम करायला देणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’चा विचार इथे करत नाही. २००५ पासून चालत आलेला तो कार्यक्रम एकेकट्यासाठी आहे, टीमचं गणित वेगळं असतं.

मोठ्या प्रकल्पातून जे शिकलो त्याचं श्रेय आधी देतो. आमच्या साठेक ओळींच्या बदलावर तीन जाणत्या माणसांनी शेरे लिहिले. एकाने विचारलं, फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच मानणाऱ्या फाइल सिस्टमवर हे चालेल का? आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं. असा रिव्ह्यू छोट्या प्रकल्पात क्वचितच मिळतो, आम्हालाही पुढे तो मिळाला नाही.

पण तिथे आमचं घोडं अडलं ते फ्रीजपाशी, म्हणजे रिलीजआधी (नवी आवृत्ती निघण्याआधी) नवं काम घेणं थांबवतात त्या काळापाशी. मोठ्या प्रकल्पांना स्वतःचं वेळापत्रक असतं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) नवं काम मूळ कोडमध्ये सामावून, म्हणजे मर्ज करून, साधारण दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोत घेतात, त्यानंतरचे सहा-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पहिली बीटा (चाचणीची आवृत्ती) आली की नवी सुविधा थेट पुढच्या आवृत्तीत, आणि ती येते वर्षभराने. लाखो लोक ज्यावर विसंबून आहेत तिथे ही शिस्त हवीच. फक्त सेमिस्टर चार महिन्यांचं असतं. आम्ही निवडलेल्या प्रकल्पातही असाच फ्रीज होता. आमच्या पुल रिक्वेस्टला (बदल मर्ज करा, या विनंतीला) अकराव्या आठवड्यात मंजुरी मिळाली आणि त्याच दिवशी तिच्यावर ‘पुढच्या रिलीजसाठी’ असं लेबल लागलं. सादरीकरणात परीक्षकांनी विचारलं, “मर्ज झालं का?” नाही, एवढंच सांगता आलं. फ्रीज उठला तेव्हा मूळ कोड बराच पुढे सरकला होता, त्याच्याशी आमच्या बदलांचे झालेले कॉन्फ्लिक्ट (न जुळणारे भाग) सोडवायला आमच्यातले दोघंच उरले होते. निकाल लागून अडीच महिने झाल्यावर ते मर्ज झालं.

दुसरी गोष्ट तेव्हा जाणवली नव्हती. पाच जणांनी पाच वेगवेगळे इश्यू (प्रकल्पात नोंदवलेली कामं) उचलले होते. एकमेकांचा कोड आम्ही वाचलाच नाही.

छोट्या लायब्ररीत सुरुवात अवघड गेली. कोड तपासणाऱ्या टेस्ट जवळपास नव्हत्याच, माहितीपत्रं (डॉक्युमेंटेशन) जुनी झालेली, बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं, चालू व्हायलाच पहिले तीन आठवडे गेले. मध्येच मेंटेनरांकडून बारा दिवस उत्तर नाही. ते फावल्या वेळात हे काम करतात, त्यामुळे तक्रार तरी काय करणार. पण रिलीज कधी काढायचं हे आम्ही त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात बोलून ठरवलं होतं. एकाने टेस्ट घेतल्या, एकीने माहितीपत्रं, दोघांनी मुख्य सुविधा, आणि एकाचं अडलं की चौघंही थांबायचो. नवव्या आठवड्यात मर्ज, दहाव्यात रिलीज. बाराव्या आठवड्यात कुणा अनोळखी माणसाने आमच्याच कोडमधला बग कळवला आणि तो आम्ही दुरुस्त केला. सॉफ्टवेअर सांभाळणं म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात कळलं.

तुमच्या विभागाचे नियम वेगळे असतील, टीममध्ये एखादा आधीपासून मोठ्या प्रकल्पात रुळलेलाही असेल. मग माझं म्हणणं तितकं लागू होणार नाही. मला मात्र पुन्हा निवडायचं झालं तर मी छोटाच घेईन. तरीही मोठा घेणार असाल तर इश्यूंची यादी उघडण्याआधी रिलीजचं वेळापत्रक पाहा आणि फ्रीजमध्येही सहसा स्वीकारलं जाणारं काम धरा: बग, टेस्ट, माहितीपत्रं. सगळे कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) एकत्र करून मर्ज करण्याची पद्धत असेल, तर ‘को-ऑथर्ड-बाय’च्या, म्हणजे सहलेखकांच्या, ओळीत प्रत्येकाचं नाव आहे ना, तेही आधीच तपासा.