नॉर्मल बाळंतपणासाठी सांगलीत नाव कुठं घालावं: मोठं हॉस्पिटल की एका डॉक्टरांचं नर्सिंग होम?

सोनोग्राफी नीट आहे, बाळाचं डोकं खाली आहे, बीपी-शुगर ताब्यात आहे, आणि तरीही ‘सिझर तर होणार नाही ना’ या धास्तीनं ज्यांच्या घरात रोज बोलणं चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वार खाली असेल, जुळी असतील, बाळ पायाळू असेल किंवा बीपी चढत असेल तर ही तुलना तुमच्या कामाची नाही. सरळ रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं मोठं हॉस्पिटल धरा आणि मनात कसलीही रुखरुख ठेवू नका.

आमचं मागणं फार नव्हतं. कळा आपोआप सुरू होऊ द्याव्यात. कळा चालू असताना बायकोला चालू-फिरू द्यावं, पाणी-पेज घेऊ द्यावी. घाईपोटी पाणमोट फोडू नये, सलाइनमधून कळा वाढवू नयेत, सरसकट काप देऊन टाके घालू नयेत. बाळ झाल्यावर नाळ कापायला मिनिटभर तरी थांबावं आणि बाळ लगेच आईच्या अंगावर द्यावं. खरंच वेळ आली तर सिझर करावं, तेही उशीर न करता. घरी बाळंतपण करायचा विचार आमच्या मनात कधीच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये प्रसूतीकाळातल्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत यातलं जवळजवळ सगळं आहे. त्यामुळं डॉक्टरांपुढं हे मांडताना संकोच वाटून घ्यायचं कारण नाही.

मिडवाइफबद्दल, म्हणजे प्रशिक्षित सुईणीबद्दल, थोडं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात नर्सेससाठी दीड वर्षाचं जादा प्रशिक्षण सुचवलं. पण स्वतंत्रपणे काम करणारी मिडवाइफ आम्हाला सांगलीत सापडली नाही. आपल्याकडं ते काम करते ती लेबर रूममधली जुनी सिस्टर. जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतिसेवेची पदविका) झालेल्या सिस्टरची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही असते, आणि कळांच्या लांबलचक तासांत डॉक्टरांपेक्षा तिचाच हात जास्त वेळ पाठीवर असतो. म्हणून डॉक्टर बघायला जाल तेव्हा सिस्टरही बघून या. कोण असते, किती वर्षं आहे, रात्री कोण असते, हे नक्की विचारा.

सरकारी दवाखान्याचा पर्याय आम्ही मनापासून तपासला होता. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो वा सिझर, बाळंतपण, औषधं, जेवण, रक्त, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. नॉर्मल करण्याची घाई किंवा टाळाटाळ यात तिथं कुणाचा आर्थिक संबंध नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४ टक्के. हे आकडे मला झोप लागू देत नव्हते, खरं सांगतो. प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई आत असावी असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवलं आहे. तरीही आम्ही मागं आलो ते गर्दीमुळं. एका खोलीत शेजारी-शेजारी खाटा, त्यामुळं नवऱ्याला आत जागा नाही, आणि सिस्टर एका बाईपाशी थांबू म्हटली तरी तिला थांबता येत नाही. ज्यांच्या घरी सासूबाई किंवा आई खमकी आहे आणि खर्चाची ओढाताण आहे, त्यांनी हा पर्याय वगळू नये असं मला अजूनही वाटतं.

आता खरी निवड. सांगली-मिरज पट्ट्यात दवाखान्यांना तोटा नाही. एकीकडं अनेक विभागांचं मोठं हॉस्पिटल, दुसरीकडं गल्लीतलं नर्सिंग होम, जिथं खाली दवाखाना आणि वर डॉक्टरांचं घर. आम्ही आधी पहिल्या प्रकारच्या ठिकाणी नाव घातलं होतं आणि शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी गेलो.

मोठ्या हॉस्पिटलचे फायदे मी कमी लेखणार नाही. भूलतज्ज्ञ इमारतीतच असतो. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर मजला बदलायचा, गाव नव्हे. रक्तासाठी नातेवाइकांना पळावं लागत नाही. विम्याचं कॅशलेस सुरळीत होतं. नर्सिंग होमला बऱ्याचदा आधी पैसे भरून मग परताव्याच्या मागं लागावं लागतं, आणि तो ताप लहान नाही. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ती भूल, हवं असेल तर तेही मोठ्या ठिकाणीच जास्त करून मिळतं. तिथल्या आमच्या डॉक्टरबाई हुशार होत्या, तपासणी नीट करायच्या, नॉर्मलला अनुकूल आहोत असं स्वतःहून म्हणायच्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका गोष्टीची, आणि माझ्यापुरता निर्णय तिथंच झाला. दिवस भरत आले असताना एका रात्री बायकोच्या पोटात दुखायला लागलं. हॉस्पिटलला फोन केला. फोन स्वागतकक्षात उचलला गेला आणि उत्तर आलं, ‘पेशंटला घेऊन या.’ किती वेळानं कळ येते, किती वेळ टिकते, पाणी गेलंय का, हे विचारणारं तिकडं कुणी नव्हतं. गेलो. गेल्या-गेल्या हाताला सुई टोचून सलाइन लावलं, पोटाला बाळाच्या ठोक्यांचे पट्टे बांधले आणि डाव्या कुशीवर झोपवून ठेवलं. ठोके तपासणं योग्यच होतं, त्याला कुणाची हरकत नसावी. पण तपासणी होऊन ठोक्यांचा आलेख चांगला आला तरी पट्टे निघेनात. हिला उठून चालावंसं वाटत होतं, कंबर धरली होती. सिस्टर म्हणाली, सलाइन चालू आहे, उठता येणार नाही. सलाइन कशासाठी, तर ॲडमिट पेशंटला लावायचंच असतं. डॉक्टरांना विचारून काढाल का, तर त्या सकाळी राउंडला येतील. प्यायला पाणी मागितलं तर ओठ ओले करा म्हणाली, न जाणो सिझर करावं लागलं तर.

सिस्टर वाईट नव्हती. तिला जे नेमून दिलं होतं ते ती करत होती. त्या कळा खोट्या निघाल्या आणि सकाळी आम्ही घरी आलो. पण त्या रात्रीनं मला एक गोष्ट स्वच्छ दाखवली. ओपीडीत डॉक्टरांशी ठरलेलं लेबर रूमच्या दाराच्या आत पोचलेलंच नव्हतं. फाइलवर ‘नॉर्मलसाठी प्रयत्न’ असं लिहिलेलं होतं, पण त्या प्रयत्नाला बाईनं उभं राहायला हवं, हिंडायला हवं, घोटभर काही प्यायला हवं, हे कुणाच्या कामात बसत नव्हतं.

यावर माझा इतका रोख का, ते सांगतो. बाई खाटेला खिळली की कळा मंदावू शकतात आणि दुखणं अधिक जाणवतं. मंदावल्या म्हणून सलाइनमधून कळांचं औषध येतं. त्या औषधाच्या कळा जोरकस असतात, म्हणून ठोक्यांवर सतत नजर ठेवावी लागते, म्हणजे पट्टे काढायचा प्रश्नच उरत नाही. मग ठोके जरा खाली गेले की सगळ्यांचे चेहरे बदलतात आणि नवऱ्यापुढं सहीचा कागद येतो. यातली प्रत्येक पायरी त्या-त्या क्षणी बरोबर असू शकते. पहिल्या पायरीला मात्र कारण नव्हतं. जोखीम नसलेल्या बाईचे ठोके हातातल्या डॉप्लरनं (ठोके ऐकवणाऱ्या छोट्या यंत्रानं) कळांच्या काळात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ बाहेर येताना दर ५ मिनिटांनी ऐकले तरी चालतात, हे त्याच जागतिक शिफारशींमध्ये आहे. पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा वेळ लांबला तर तेवढ्यावरून गडबड करू नये, हेही आहे.

नर्सिंग होमच्या डॉक्टरबाईंकडं आम्ही फाइल घेऊन गेलो तेव्हा मी हीच गोष्ट पहिल्यांदा विचारली. त्यांनी जे सांगितलं ते गोड नव्हतं. सलाइन लागलं तर लावेन, आल्या-आल्या लावणार नाही. ठोके बिघडले, पाणी घट्ट हिरवं गेलं, किंवा कळा चांगल्या असून तासन् तास तोंड पुढं उघडलं नाही तर सिझर करेन आणि तेव्हा वाद घालू नका. बाळ झाल्याबरोबर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून जे इंजेक्शन देतात ते मी सगळ्यांना देते, त्याला नाही म्हणू नका. तारखेनंतर आठवडाभर थांबू, पुढं कळा आणायचं बघावं लागेल. हे सगळं मला पटलं, कारण कुठं थांबायचं ते त्यांनी आधी सांगितलं होतं. नुसतं ‘आपण नॉर्मलच करू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांपेक्षा मला हे उत्तर जास्त आश्वासक वाटलं.

खऱ्या कळांच्या वेळी फोन त्यांनीच उचलला. दहा मिनिटांत किती कळा येतात ते मोजायला लावलं, कळ चालू असताना हिला फोनवर बोलायला लावलं, आणि अजून घरी थांबा, गरम पाण्यानं अंघोळ करा, थोडा मऊ भात खा म्हणाल्या. दवाखान्यात पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड बऱ्यापैकी उघडलेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात ही चालत राहिली, जुनी सिस्टर बरोबर चालली. सासूबाई आत होत्या, शेवटी मीही होतो. पाणमोट आपोआप फुटली. थोडं फाटलं, मोजके टाके पडले. मुलगी झाली.

एका अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. मोठ्या हॉस्पिटलातही हेच बाळंतपण असंच पार पडलं असतं, अशी शक्यता आहेच. काही मोठ्या ठिकाणी चालू-फिरू देतात असंही ऐकतो. तसं असेल तर माझा काटा बराच सरळ होईल.

नर्सिंग होमच्या कच्च्या बाजूही डोळे उघडे ठेवून बघायला हव्यात. डॉक्टर एकच. लग्नाला किंवा परिषदेला गेल्या तर मागं कोण, हे नावानिशी विचारा आणि त्या व्यक्तीला एकदा भेटून या. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात येतो, बालरोगतज्ज्ञ प्रसूतीला हजर असतो का, बाळाला अतिदक्षता लागली तर कुठं नेणार आणि कशानं, हे विचारा. उत्तरं ठरलेली, चटकन येणारी असतील तर चांगलं. फॉग्सीचं (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेचं) ‘मान्यता’ प्रमाणपत्र असेल तर एक गुण अधिक द्या. विश्रामबागेत किंवा सांगली-मिरज रस्त्यालगत राहणाऱ्यांना मोठं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असतं, म्हणून आम्हाला ही जोखीम झेपणारी वाटली. जत किंवा आटपाडीकडच्या लांबच्या गावात एकट्या नर्सिंग होमबद्दल मी हे इतक्या ठामपणे म्हणणार नाही. आणि तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर दवाखाना पुराच्या पाण्यात येतो का, नदीच्या कुठल्या अंगाला आहे, हे २०१९ नंतर सांगलीकराला सांगायला नको.

माहेरी जाणाऱ्यांसाठी अडचण वेगळीच. सातव्या महिन्यापर्यंत एक डॉक्टर आणि मग माहेरच्या गावातला दुसरा, त्यामुळं ठरवाठरवीला वेळच मिळत नाही. शक्य असेल तर पाचव्या महिन्यातच माहेरच्या डॉक्टरांना एकदा भेटा आणि लेबर रूम बघायला मागा. रूम दाखवायला का-कू करतील तर त्यातही उत्तर आहे. रूममध्ये खाटेशिवाय बाईला टेकायला, बसायला, फिरायला काही जागा आहे का ते बघा.

सिझरचं प्रमाण किती, असं थेट विचारलं तर डॉक्टर नाराज होऊ शकतात, आणि आकडा फसवाही असतो, कारण मोठ्या ठिकाणी अवघड केसेस बाहेरून येतात. त्यापेक्षा असं विचारा: पहिलटकरीण आहे, सगळं नीट आहे, रात्री अकराला कळा घेऊन आली, तर सकाळपर्यंत तुमच्याकडं तिचं काय-काय होतं? हा प्रश्न डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टर नसताना सिस्टरलाही विचारा. दोघींची उत्तरं जुळली तर तिथं नाव घाला, मग इमारत केवढीही असो. आम्हाला ती जुळलेली आढळली ती छोट्या जागी. नववा महिना लागला असला तरी फाइल घेऊन उठायला हरकत नाही. रिपोर्ट, सोनोग्राफी आणि रक्तगटाचा कागद तुमचा आहे, तो मागून घ्या.