रय्यानला राजा करणारं अ‍ॅप: पाचपैकी दोन तारे

भावाकडे दोन महिन्यांत बाळ येतंय. तेवढ्यासाठी त्याने नावं शोधायचं एक अ‍ॅप घेतलं. नाव टाकलं की अर्थ, स्वभाव, शुभ अंक, लोकप्रियता सगळं एका पानावर. अरबी मुलग्यांच्या नावांचा विभाग वेगळा. त्यात त्याचं मन 'रय्यान'वर बसलं आणि मला निरोप आला, "आपा, अर्थ छोटा राजा आहे. पक्कं करू?" घरात अरबी शिकलेली मी एकटी, म्हणून हा मान.

छोटा राजा वाचून मी ते अ‍ॅप माझ्याही फोनवर घेतलं. पंधरा दिवस वापरून हे लिहितेय.

आधी राजा कुठून घुसला ते सांगते. 'रायन' हे मुळात आयरिश आडनाव, त्याला 'छोटा राजा' असा अर्थ जोडतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये रय्यान आणि रायन यांच्यात दोनच अक्षरांचा फरक, तेव्हा अ‍ॅपवाल्यांनी दोघांना एका खोलीत कोंबलंय.

अरबीतला रय्यान म्हणजे ज्याची तहान पुरती भागलीय असा. 'अतशान' म्हणजे तहानलेला. रय्यान त्याच साच्यातला आणि बरोब्बर उलटा. झाडाबद्दल म्हटलं तर पाणी पिऊन टवटवीत झालेलं झाड. धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, रा-वाव-या या तीन अक्षरांचा. 'रय्य' म्हणजे सिंचन याच धातूतून येतं आणि इजिप्तच्या जलसंपदा व सिंचन मंत्रालयाच्या नावात आजही आहे. आपण 'रिवायत' म्हणतो, म्हणजे ऐकून पुढे सांगितलेली गोष्ट, आणि 'रावी' म्हणतो, म्हणजे ती सांगणारा, तेही याच घरातले. पाणी वाहून आणणं आणि गोष्ट वाहून आणणं यांना अरबीत एकच धातू पुरतो. मला या नावात सगळ्यात आवडतं ते हेच, आणि अ‍ॅपवर यातलं अवाक्षर नाही.

उलट 'कुराणातील नाव' असा हिरवा शिक्का मात्र आहे. रय्यान हा शब्द कुराणात नाही. तो हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत येतो, 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या नावांच्या दोन्ही संग्रहांत: रोजे ठेवणारे जन्नतच्या ज्या दरवाजातून आत जातील, त्याचं नाव अर्‌-रय्यान. दिवसभर तहान सोसलेल्यांच्या दरवाजाला हे नाव! शिक्का मारण्याऐवजी ही एक ओळ दिली असती तर मी एक तारा वाढवला असता.

आता स्वभावाचा रकाना. तो प्रत्येक इंग्रजी अक्षराला अंक देऊन बेरजेवरून ठरतो. 'रय्यान' इंग्रजीत दोन वाय घालून लिहिलं तर अक्षरांची बेरीज ३०, म्हणून अंक ३: बोलका, कलासक्त, माणसांत रमणारा. एक वाय खोडला तर बेरीज २३, अंक ५: एका जागी न टिकणारा, स्वातंत्र्याचा भुकेला. मी पाच मिनिटं नुसती तो वाय घालत आणि काढत बसले होते. भाचा बिचारा पोटात, आणि इकडे त्याचा स्वभाव माझ्या अंगठ्याखाली बदलतोय.

गंमत अशी की अरबीत 'य'चं अक्षर, 'या', एकदाच लिहितात. जोर दाखवायला वर शद्दा नावाची बारकी दातेरी खूण असते आणि रोजच्या लिहिण्यात तीही बहुतेक वेळा गाळतात. अक्षरांना अंक द्यायचेच असतील तर अरबीची स्वतःची अबजद पद्धत आहे. रा २००, या १०, अलिफ १, नून ५०, एकूण २६१. त्या अंकांनी जुन्या लोकांनी कवितेच्या ओळींत सालं गुंफली. अ‍ॅपला अबजदचा पत्ताच नाही.

उच्चार ऐकायचं बटण आहे, ते तर दाबूच नका. 'अलीम' ऐकून पाहिलं. ऐन या घशातून काढायच्या अक्षराने सुरू होणारा अलीम म्हणजे सर्व जाणणारा. अलिफने, म्हणजे साध्या 'अ'ने, सुरू होणारा अलीम म्हणजे वेदना देणारा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तर कानाने ओळखायचं. पडद्यावर 'ज्ञानी' लिहिलेलं, आणि आतला यांत्रिक आवाज ठणठणीत अलिफने 'वेदना देणारा' म्हणत होता.

लोकप्रियतेला टक्के दिलेत. कशाचे टक्के, कुठल्या देशातले, कोणत्या वर्षीचे, काही नाही. खरी आकडेवारी असते तिथेही स्पेलिंगचा घोळ होतोच. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ साली मुलग्यांच्या नावांत मुहम्मद पहिला आला, ४,६६१ बाळं. पण तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, त्यामुळे त्याच नावाची आणखी दोन रूपं पहिल्या शंभरात वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसलेली. रय्यानचीही अशीच चार-पाच रूपं होतात. अ‍ॅप त्यातलं कुठलं मोजतं कोण जाणे.

दोन तारे फुकट दिलेले नाहीत. नवरा-बायकोने आपापल्या फोनवर नावं निवडायची आणि दोघांना आवडलेली तेवढी वेगळ्या यादीत पडतात, ही सोय झकास आहे. भावजयीने भावाची सतरा नावं त्यात न भांडता उडवली.

अर्थाचं सगळं मी भावाला सविस्तर लिहून पाठवलं. धातू, दरवाजा, अबजद, सगळं. तासाभराने उत्तर आलं, "मस्त! मग आपा, ३ ठेवू का ५?"