उजनीच्या दुसऱ्या लाईनचं पाणी: काही महिने वापरल्यावर

उजनी धरणातून सोलापूर शहराला पाणी आणणारी दुसरी पाईपलाईन सुरू झाली, तिचा हा रिव्ह्यू. नळाच्या पाण्याचा रिव्ह्यू कोण लिहितं, असं सोसायटीत विचारून झालंय. मिक्सर घेताना आपण पन्नास जणांचे अनुभव वाचतो. इथे तर पैसे आपलेच जाणार, तेही पुढची कित्येक वर्षं. राहायला जुळे सोलापूर, सोसायटीचा हिशोब माझ्याकडे, त्यामुळे टँकरवाल्याचे पैसेही माझ्याच हातून जातात.

आधी चांगलं सांगतो. पाणी अजूनही काही दिवसांआडच येतं, पण पाळी चुकेनाशी झाली. जुनी लाईन 1998 च्या सुमाराची. ती वाटेत कुठे फुटली की अख्ख्या शहराचं पाणी एक दिवस पुढे ढकललं जायचं आणि आमच्या जिन्यात घागरी दिसायच्या. यंदा गड्ड्याच्या जत्रेला घरोघरी पाहुणे होते, तरी टँकर बोलवावा लागला नाही. हौदाचं झाकण उघडून बघितलं तर फरक लगेच कळतो: पूर्वी पाणी पाईपच्या तोंडातून खाली ओघळायचं, आता धार समोरच्या भिंतीवर आपटते. सुरुवातीच्या दोन बादल्या मात्र अजूनही गढूळ. त्या कुंड्यांना.

ही लाईन का हवी होती, ते आकड्यांत बघा. क्षमता 170 एमएलडी, म्हणजे दिवसाला 17 कोटी लिटर. वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तरी उजनीतून जेमतेम 2.2 टीएमसी (अब्ज घनफूट) जातं. शहरासाठी टाकळीला नदीतून पाणी उपसतात, त्यासाठी धरणातून भीमेत पाणी सोडायचं म्हटलं तर एकेका आवर्तनाला, म्हणजे सोडण्याच्या एकेका फेरीला, पाच-सहा टीएमसी लागतात. वाटेत ऊन पितं, वाळू पिते, काठावरच्या मोटारी पितात, आणि उरलेलं आपल्याला. शेतकऱ्यांना दोष नाही. डोळ्यांसमोरून पाणी वाहतंय आणि ऊस वाळतोय, तर कोण गप्प बसेल? नदीऐवजी पाईप हा सरळ हिशोब होता. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने त्यासाठी 250 कोटी दिले, हेही विसरू नये.

आता खरी अडचण. लाईन मोठी झाली म्हणून घरातला नळ मोठा होत नाही. पाकणीला शुद्ध झालेलं पाणी शहरातल्या टाक्यांत चढायचं, तिथून गल्लीतल्या पाईपांत उतरायचं. टाक्या कमी आणि पाईप जुने असले की रोज पाणी द्यायचं ठरवलं तरी देता येत नाही. पुढचा खर्च इथेच आहे, आणि कर्जाचा विषयही इथेच येतो.

अमृत 2.0 या शहरी पाण्याच्या केंद्रीय योजनेत एक ते दहा लाख लोकवस्तीच्या शहराला केंद्राकडून प्रकल्पाचा एक तृतीयांश खर्च मिळतो, दहा लाखांच्या वर गेलं की पाव हिस्सा. 2011 च्या जनगणनेत आपण 9 लाख 51 हजार, म्हणजे थोडक्यात बचावलो. बाकीचा भार राज्य आणि महापालिकेवर. पालिकेची तिजोरी रिकामी असेल तर कर्ज. छत्रपती संभाजीनगरच्या पाणीयोजनेसाठी हुडको या सरकारी वित्तसंस्थेकडून 822 कोटींचं कर्ज मंजूर झालं, ते याच कारणाने. वाईट काही नाही त्यात. जे पाईप पन्नास वर्षं टिकतील, त्यांचे पैसे आजच्याच माणसांनी एकदम का भरायचे?

फक्त हप्त्याचा अंदाज असू द्या. समजा 100 कोटी, व्याज 9 टक्के, मुदत 15 वर्षं. वर्षाला साधारण 12 कोटी 40 लाख फेडायचे. शहरात दोन लाख घरं धरली तर घरटी वर्षाला 620 रुपये. हे दर शंभर कोटींमागे, आणि सगळ्यांनी पाणीपट्टी भरली तर. अर्धेच भरणार असतील तर भरणाऱ्यांवर 1240. शिवाय पंपाचं वीजबिल, तुरटी, क्लोरीन आणि चावी सोडणाऱ्याचा पगार या हप्त्यात नाही. पाईप कर्जातून येतात, ते चालवायचा खर्च महिन्याच्या महिन्याला लागतो. गावोगावच्या कितीतरी नळयोजना थकलेल्या वीजबिलापायी बंद पडलेल्या आपण पाहिल्यात.

मला हे 620 जड वाटत नाहीत. एका टँकरला त्याहून जास्त मोजलेत. पण मीटर नसताना दर वाढवले तर मी भांडेन. आमच्या गल्लीत एक गृहस्थ थेट नळाला मोटार लावतात. त्यांचा ओव्हरहेड टँक भरून वाहतो, तेव्हा शेवटच्या घरातल्या काकू थेंब-थेंब कळशीत धरत असतात. पट्टी दोघांचीही सारखीच.

उन्हाळा अजून बघायचाय. उजनी एकूण 117 टीएमसीचं, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळातलं पाणी. 2024 सारखं धरण उणेमध्ये, म्हणजे या मृतसाठ्यात गेलं की लाईन एक असो की दोन, कस लागतोच. तोवर माझे पाचपैकी साडेतीन.

सोलापुरात फ्लॅट बघत असाल तर बिल्डरला ‘उजनीचं पाणी आहे का’ विचारू नका, तो हो म्हणणारच. त्या भागाला पाणी कोणत्या टाकीवरून येतं, आपलं घर लाईनच्या तोंडाशी की टोकाला आणि हौद किती लिटरचा, एवढं विचारा. जमलं तर पाळीच्या दिवशीच जा, आणि चावी सोडल्यावर तिथे अर्धा तास थांबा.