सोलापुरातून इंटरनेट रेडिओ: फिल्मी गाणी की आपले कलाकार?

फिल्मी गाणी लावली तर श्रोते लवकर जमतात, पण परवानग्या दुहेरी लागतात. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे. पहिल्यासाठी आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी संस्था), दुसऱ्यासाठी म्युझिक कंपनी किंवा पीपीएल (अशा कंपन्यांच्या वतीने परवाने देणारी संस्था). एफएमवाल्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ डीचा वैधानिक परवाना मिळतो, म्हणजे मालकाशी बोलणी न करता ठरवून दिलेल्या दराने गाणी लावता येतात. इंटरनेट स्ट्रीमिंगला तो लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं. म्हणजे कंपनी मागेल त्या दरावर बोलणी आली.

दुसरा मार्ग मला मनापासून आवडतो: इथली भजनी मंडळं, तेलुगू-कन्नड गाणारी मंडळी स्वतः रेकॉर्ड करायची. तुकोबांचे अभंग, सिद्धरामेश्वरांची वचनं यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. मात्र चाल नवी असेल तर संगीतकाराची परवानगी हवीच, गायकाचीही. करार लेखीच करा, त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. नाहीतर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. पुण्या-मुंबईपलीकडे, परदेशात गेलेला सोलापूरकर मग कराराबाहेर राहतो.

साठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्ड? ध्वनिमुद्रण मोकळं झालं, तरी गीतकार-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. छोट्या स्टेशनने दुसऱ्या मार्गानेच सुरुवात करावी.