क्लिकर घ्यावा का? सहा-सात महिने वापरून आलेला अनुभव

सांगलीत एफवाय बीएस्सीला फिजिक्स शिकवतो. कॉलेजनं क्लिकरचा सेट घेतला त्याला सहा-सात महिने होत आले, बरेच जण विचारतायत घ्यावा का, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

क्लिकर म्हणजे उत्तराचं बटण दाबायचं, टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान यंत्र, प्रत्येकाच्या हातात एक, आणि रिसीव्हर लॅपटॉपच्या यूएसबीला. आमचा सेट रेडिओ लहरींवर चालतो, नेट लागत नाही आणि पोरांना मोबाईल बाहेर काढायला सांगावं लागत नाही, हे मला फार आवडलं. प्रश्न स्क्रीनवर टाकायचा, पोरं ए बी सी डी दाबतात, कुणी काय दाबलं ते शेजारच्याला कळत नाही. तासगाव, कवठेमहांकाळकडनं एसटीनं येणारी, दहावीपर्यंत मराठी मीडियमची पोरं-पोरी वर्गात तोंड उघडायला कचरतात, ती पण पहिल्या आठवड्यापासून उत्तरं द्यायला लागली.

पण नुसतं बटण दाबून घेऊन काही होत नाही, पुढं काय करता त्यावर सगळं आहे. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये पीअर इन्स्ट्रक्शन, म्हणजे पोरांनी चर्चा करून एकमेकांना शिकवायची पद्धत, सुरू केलं, मी तसंच करतो. आधी एकट्यानं उत्तर द्यायचं, साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग परत व्होटिंग. मधे कुठल्या उत्तराला किती मतं पडली त्याचा ग्राफ अजिबात दाखवायचा नाही, नाहीतर सगळे उंच पट्टीकडं पळतात.

एकदा विचारलं, आयर्विन पुलावरून दगड सरळ वर फेकला, सगळ्यात वर पोचल्यावर त्वरण किती? निम्म्याच्या वर पोरांनी शून्य दाबलं. चर्चेत मधल्या बेंचवरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "अगं वेग शून्य आणि त्वरणही शून्य, मग दगड तिथंच लटकून राहील की, खाली येईल कशाला?" दुसऱ्या व्होटिंगला शून्यवाले थोडेच उरले. मी दोन तास फळा भरून हे एवढं पटवू शकलो नसतो. आणि एखाद्या हुशार पोरानं उत्तर सांगून टाकलं म्हणून हे होतं असंही नाही, कोलोराडो विद्यापीठातल्या जेनेटिक्सच्या वर्गावरचा अभ्यास २००९ ला 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात आला होता, गटात आधी कुणालाच येत नसलं तरी चर्चेनंतर उत्तरं सुधारतात असं त्यात दिसलं.

त्रास पण आहे. ४८ मिनिटांच्या तासात वाटप आणि गोळा करण्यातच वेळ जातो, म्हणून आता रोल नंबरप्रमाणं खणांचा ट्रे दारात ठेवतो, पोरं येताना उचलतात, जाताना ठेवतात. बॅटऱ्या ऐन वेळी संपतात. मित्राचा क्लिकर दाबून हजेरी लावणारे निघतात, त्यामुळं हजेरी आणि मार्क यांच्याशी जोडू नका, मार्क आले की पोरं विचार सोडून बरोबर उत्तर शोधत बसतात. सिलॅबस थोडा मागं पडतो, आणि चांगला प्रश्न तयार करायला घरी बराच वेळ द्यावा लागतो, पाठ केलेलं विचारलं तर सगळं वाया.

कॉलेज पैसे देत नसेल तर प्लिकर्स बघा. प्रत्येकाला एक छापील कार्ड, ज्या बाजूनं वर धरलं ते उत्तर, आणि फोन फक्त शिक्षकाकडं लागतो. मोठ्या हॉलमध्ये मागची कार्डं स्कॅन करायला अवघड जातं, चाळीस-पन्नासच्या वर्गाला चालून जाईल.