तडीपारीविरुद्ध रिट टाकायचंय? मग हे टायपिंग सेंटर बघा (5 पैकी 4)

धाकट्या भावाला बीड जिल्ह्यातून 2 वर्षांसाठी तडीपार केलं. वाळू उपशाच्या तक्रारी करायचा, त्या भांडणांतून लागलेले गुन्हे. वकिलांनी हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात क्रिमिनल रिट, म्हणजे तो आदेश रद्द करा अशी याचिका, टाकायचं ठरवलं आणि कागद तयार करायला कोर्टाजवळच्या या सेंटरवर पाठवलं.

दुकान म्हणजे एक शटर, 2 कॉम्प्युटर आणि छतापर्यंत कागदाचे रिम. पण दुकानवाले काका नुसते टायपिंगवाले नाहीत. हायकोर्टात मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. त्यासाठी त्यांनी तडीपारीची नोटीस आणि आदेश शेजारी-शेजारी ठेवून ओळन् ओळ वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या. शेवटचा गुन्हा साडेतीन वर्षांपूर्वीचा. साक्षीदार भीतीपोटी पुढं येत नाहीत, हे एकच ठोकळेबाज वाक्य. कोण भ्यालं, कशाला भ्यालं, पत्ता नाही. आणि कायद्यात जास्तीत जास्त 2 वर्षं आहेत तर पूर्ण 2 का, याचं कारणच नाही.

"जालना जिल्ह्यातल्याच एका तडीपारीत सुप्रीम कोर्टानं 2022 ला हेच धरून आदेश उडवला," काका म्हणाले. "घटनेच्या कलम 19 नं माणसाला देशभर फिरायचा हक्क हाय. तो काढायचा तर कारण बी तसंच तगडं लागतं की!" वकिलांना तो निकाल ठाऊक होताच, पण गुन्ह्यांच्या तारखांचा जो तक्ता याचिकेला जोडला, तो काकांचा.

शपथपत्रावर सहीला भाऊ लातूरहून आला. सरळ एसटी बीडवरूनच जाते, म्हणजे त्याला ती बंद. परभणी-जालना असा वळसा घालत पोरगा संध्याकाळी उशिरा पोचला. काकांनी तोवर शटर ओढलं नाही, सकाळी शपथेसाठी कोर्टात आपला माणूस बरोबर दिला.

भाषांतराचा दर पानाला 150, शेजारच्यांपेक्षा जास्त. पहिल्या प्रतीत भावाचं वयच चुकलं होतं. दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, पण अर्धा दिवस गेला. एक स्टार त्याचा कापला. पानांचे नंबर, अनुक्रमणिका, ट्रू कॉपीचे शिक्के मात्र असे चोख की फायलिंगला एकही ऑब्जेक्शन निघालं नाही. सरकारला नोटीस निघालीय, पुढची तारीख पडलीय.

कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत तिथं पाय ठेवायला जागा नसते, सकाळीच जा. यूपीआय चालतं. पावती आपण होऊन देत नाहीत, मागून घ्या.