हर्णैचा मासळी लिलाव: फाल्गुन-चैत्रात जायचं तर तिथी बघून

कोकण किनाऱ्यावर ताज्या मासळीसाठी एकच बाजार निवडायचा झाला, तर फाल्गुन-चैत्रातला, दापोलीजवळच्या हर्णैचा संध्याकाळचा लिलाव निवडावा. स्वस्त मिळेल म्हणून मात्र जाऊ नका. मुंबई-पुण्याचे व्यापारी इथेच बोली लावतात, त्यामुळे चांगल्या पापलेटचा आणि सुरमईचा भाव इथेही चढाच असतो. इथे पैसे मोजायचे ते ताजेपणासाठी, आणि त्या बाबतीत हर्णै क्वचितच निराश करतं. ज्यांची निराशा होते, ते बहुतेक चुकीच्या दिवशी आलेले असतात. या दिवसांत गावात काय चाललं आहे यावर बाजार ठरतो, म्हणून आधी गावाचं वेळापत्रक समजून घ्यायला हवं.

लिलाव दिवसातून दोनदा होतो. सकाळचा साधारण सात ते नऊ आणि संध्याकाळचा चार ते सहा. सकाळी माल कमी आणि घाई जास्त. संध्याकाळचा लिलाव मोठा आणि बघण्यासारखा. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात. तिथून छोट्या होड्या माल घेऊन किनाऱ्याकडे येतात आणि उथळ पाण्यातून बैलगाड्या तो वाळूवर आणतात. पक्क्या धक्क्याची मागणी इथे फार जुनी आहे. धक्का नसल्याचा सगळा भार खलाशी, गाडीवान आणि डोक्यावर टोपल्या वाहणाऱ्या बायकांवर पडतो. मासळीच्या भावात ही मेहनतही धरलेली असते, हे घासाघीस करताना लक्षात असू द्यावं.

भरती-ओहोटीचा हिशेब मोबाइलशिवायही जमतो. पक्षातल्या तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. षष्ठीला साडेचारच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. भरतीनंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला संध्याकाळचा लिलाव अगदी ओहोटीत सापडतो. पाणी लांब गेलेलं असतं, ओल्या वाळूतून बरंच चालावं लागतं, माल यायलाही वेळ लागतो. षष्ठी-सप्तमीला पाणी जवळ असतं आणि होड्या आतपर्यंत येतात. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हे दिवस सोयीचे. कोळंबी आणि जवळ्यासाठी मात्र उधाणाचे, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस चांगले, कारण डोल जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ती ओढ मंदावते.

आता शिमगा. होळी फाल्गुन पौर्णिमेची, आणि कोळी समाजासाठी हा वर्षातला मोठा सण. त्या दोन-चार दिवसांत बहुतेक नौका बंदरात परततात, धुऊन-पुसून सजवल्या जातात, त्यांची पूजा होते. गावोगावी पालख्या घरोघर फिरत असतात आणि मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर माल कमी, गिऱ्हाईक भरपूर, भाव चढे. होळीच्या आदल्या दिवसापासून धुळवडीनंतरचे दोन दिवस लिलावाच्या भरवशावर कुणी येऊ नये. शिमगा बघायला जरूर यावं, पालखीला खांदा देणाऱ्यांत उभं राहावं, पण त्या दिवशी ताटात मासळी हवी असेल तर खानावळीत आधी विचारून ठेवावं. रमजान ईदही गेली काही वर्षं याच हंगामात येते आहे. दर्यावर जाणाऱ्यांत मुसलमान कुटुंबंही आहेत, तेव्हा ईदच्या आसपास नौका कमी दिसतील असं धरून चालावं. नौका पुन्हा दर्यावर गेल्या की तीन-चार दिवसांनी माल भरून येतो. शिमग्यानंतरचा तो आठवडा आमच्या मते संबंध हंगामातला सर्वांत चांगला.

वारही बघावा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे घरोघरी मासळीचे वार. सोमवारी, गुरुवारी आणि संकष्टीला किरकोळ गिऱ्हाईक पातळ होतं. मोठ्या बोलीवर याचा फारसा फरक पडत नाही, पण वाटे लावून बसलेल्या बायकांकडे सोमवारी संध्याकाळी भाव नक्की नरम असतो. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे किल्ले आले, त्यांत हर्णैसमोरचा सुवर्णदुर्गही आहे. त्यामुळे किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीसाठी येणारी माणसंही याच किनाऱ्यावर असतात.

बोली कशी चालते ते नीट समजून घ्या. नौकेचा माल वाळूवर जातवार ढिगांत किंवा टपांत मांडला जातो. भोवती व्यापाऱ्यांचं कडं होतं, लिलाव पुकारणारा भाव ओरडत जातो आणि काही क्षणांत सौदा तुटतो. बोली पूर्ण ढिगाची असते. चार माणसांच्या घराला त्यात पडण्याचं कारण नाही. अर्धवट मान हलवली किंवा बोट वर केलं आणि बोली आपल्या नावावर पडली, तर वीस-पंचवीस किलो ढोमी घेऊन काय करणार? कड्याच्या बाहेर उभं राहून बघा. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि बैलगाडीच्या वाटेत थांबू नका.

घरापुरती खरेदी लिलावाच्या कडेला बसलेल्या मावश्यांकडून करावी. त्या लिलावातच टप उचलतात, वाटे लावतात आणि वर थोडं मार्जिन घेतात. ते मार्जिन योग्यच आहे, कारण निवडून देणं, साफ करून देणं आणि शिल्लक मालाची जोखीम सगळं त्यांचंच असतं. पहिल्या मावशीकडेच थांबू नका, आधी एक फेरी मारून तीन-चार ठिकाणचे भाव ऐका. ‘मावशी, आजचा आहे ना? कल्ला उघडून दाखवा’ असं सरळ म्हटलं तर कुणाला राग येत नाही. साफ करून घ्यायचं असेल तर वजन किंवा वाटा आधी ठरवा, कापणीचे पैसे वेगळे आहेत का तेही विचारा. जीपे बहुतेक ठिकाणी चालतं, पण वाळूवर रेंज दगा देते. दोन हजार रुपये सुटे जवळ असलेले बरे.

परख प्रत्येक माशाची वेगळी असते. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग दाबला की दुधाळ पांढरं पाणी यावं. तांबूस आलं तर मासा शिळा. सुरमई बोटाने दाबावी, खळगा लगेच भरून आला पाहिजे. तुकडे करून ठेवलेली सुरमई घेऊ नका, अख्खी निवडा आणि समोर कापून घ्या. बांगड्याचे डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, कल्ले लालबुंद, पोट घट्ट. पोट फुटलेला बांगडा अर्ध्या भावात मिळाला तरी नको. म्हाकूल (स्क्विड) पांढरंशुभ्र असावं, गुलाबी छटा आली असेल तर ते बराच वेळ उन्हात पडलेलं आहे. खेकडा हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानाने हलका लागला तर आत मांस नाही. जाणती माणसं भरलेल्या खेकड्यासाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस धरतात. तिसऱ्या (शिंपल्या) मिटलेल्याच घ्याव्या, आणि शिजल्यावर जी उघडणार नाही ती टाकून द्यावी.

कोळंबीबद्दल दोन गोष्टी. डोकं काळं पडलेलं दिसलं म्हणजे ती सडलीच असं नाही. पकडल्यावर बर्फ वेळेवर मिळाला नाही की हवेशी संपर्क येऊन हा काळेपणा धरतो. पण बर्फ उशिरा मिळाला एवढं तरी त्यावरून कळतंच, म्हणून भाव तसा द्यावा. डोकं सैल होऊन लोंबत असेल तर मात्र सोडून द्या. दुसरं, एक किलो कोळंबी सोलली की अर्धा किलोच्या आसपास राहते. चौघांच्या कालवणाला एक किलो, तळायचीही असेल तर दीड. पापलेट-सुरमई चौघांना सव्वा ते दीड किलो पुरते.

लहान मासळीचा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. चंदेरी पापलेटला 2023 मध्ये राज्य मासा म्हणून घोषित केलं गेलं, आणि त्याच वर्षी सरकारने 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. तरीही तळहाताएवढी पापलेटची पिल्लं वाट्याला मिळतात, स्वस्त मिळतात आणि पटकन खपतात. ती घेऊ नका. एकदाही अंडी न घातलेला मासा संपवला की पुढच्या हंगामातला संपतो. नियम असूनही माल का येतो, याचं उत्तर गिऱ्हाइकाच्या पिशवीतही आहे. हीच गोष्ट एलईडी दिव्यांच्या मासेमारीची. बंदी असूनही ती चालते, आणि तिच्याविरुद्ध हर्णैच्या पारंपरिक मच्छीमारांनी अनेकदा आवाज उठवला आहे. मासळीचा थवाच वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनाही राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबरच मुभा आहे. बंदरावर दोन माणसं हातवारे करत बोलताना दिसली तर विषय बहुधा हाच असतो, नाहीतर आंजर्ले खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळाचा. वारा उसळला की इथल्या नौका आसऱ्याला त्याच खाडीत जातात, आणि मुखाशी नौका अडकण्याची भीती असते. दोन दिवस वारं असेल तर तिसऱ्या दिवशीही बंदर रिकामं असतं. दापोलीतून निघण्यापूर्वी ‘होड्या गेल्यात का?’ एवढं तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारावं.

माल घरापर्यंत नेण्यात सर्वांत जास्त लोक चुकतात. पुणे-मुंबईला सहा तास तरी धरा. चार किलो मासळीला चार किलो बर्फ, याहून कमी नाही. लाद्या नको, फोडलेला बर्फ घ्या, कारण तो माशाला सगळीकडून चिकटतो. थर्मोकोलच्या खोक्यात तळाला बर्फाचा थर, वर मासळी, पुन्हा बर्फ, असं रचा आणि सर्वांत वर बर्फच राहू द्या. साफ केलेले तुकडे पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर बर्फाच्या पाण्यात चव निघून जाते. घाट चढण्याआधी एकदा खोकं उघडून साचलेलं पाणी काढा आणि वाटेत मिळाला तर बर्फ वाढवा. बांगडा, सुरमई आणि कुपा (टूना) यांत हयगय बिलकूल नको. हे मासे गरम राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. मग जेवणानंतर तोंड लाल होणं, अंगावर चट्टे, डोकेदुखी. वास चांगला असला तरी हा त्रास होऊ शकतो.

कासवांची पिल्लं बघण्याचाही हाच मोसम. शेजारच्या आंजर्ल्यात आणि उत्तरेला वेळासला ऑलिव्ह रिडलेची घरटी जपली जातात, आणि अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लं सकाळी लवकर व सूर्यास्ताच्या सुमारास समुद्रात सोडतात. संध्याकाळी लिलाव आणि कासवं दोन्ही गाठायचा हट्ट धरू नका, दोन्ही अर्धवट होतात. सकाळी आंजर्ले, दुपारी आराम, चारला हर्णै, हा क्रम जमतो. पिल्लं रोज निघतीलच असं नाही, तेव्हा गावात चौकशी करून जा.

सोयींच्या बाबतीत हर्णैला कमी गुण द्यावे लागतील. किनाऱ्यावर मासळीची घाण आणि प्लास्टिक दोन्ही भरपूर, स्वच्छतागृह निघण्याआधी मुक्कामी उरकून घेतलेलं बरं, आणि गाडी लावायला जागा अपुरी. गाडी वर बाजाराकडे ठेवून चालत उतरावं. रबरी चप्पल घाला, बूट खराब होतात. मासळी करून देणाऱ्या घरगुती खानावळी हर्णै, मुरुड, कर्दे पट्ट्यात आहेत. दुपारपर्यंत कळवलं तर संध्याकाळी आणलेला मासा रात्री पानात येतो. किती तिखट हवं ते स्पष्ट सांगा, आणि एवढ्या ताज्या पापलेटला जाड रव्याचं आवरण नको, हेही सांगा. हळद, मीठ, आगळ (कोकमाचा आंबट रस) आणि थोडं तिखट पुरे.

चैत्र अर्धा सरला की आगोटीची खरेदी सुरू होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून पावसाळ्याची सुकी मासळी आताच भरायची. सोडे, जवळा, सुकट आणि खारे बांगडे मिळतात. सोडे गुलाबी-तांबूस आणि कडक असावेत. पिवळे पडलेले जुने, आणि वाकवल्यावर न मोडणारे ओले. जवळा मूठभर घेऊन कागदावर झटका, वाळू किती खाली पडते ते बघून भाव करा. वाळूवर वाळवलेल्यापेक्षा जाळीवर किंवा कापडावर वाळवलेला जवळा थोडा महाग पडतो, पण तोच घ्यावा. घरी आणल्यावर एक कडक ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. गरम असताना भरला तर आत पाणी सुटतं आणि आषाढात बुरशी धरते.